चुंबक शिकवायचाय? मग लोहकीस जरा नंतर काढा

ट्यूशन नवीनच चालू केलीये, किंवा शाळेत पहिल्यांदाच सायन्स हातात आलंय आणि पुढच्या आठवड्यात चुंबकाचा धडा आहे, अशांसाठी हे लिहितोय. घरी स्वतःच्या पोरांना शिकवणाऱ्या आईबाबांनाही चालेल. स्टेट बोर्डात हा टॉपिक सहावीला गमतीगमतीत येतो, आठवीला करंटबरोबर येतो आणि दहावीला उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम नि फ्लेमिंगचे हाताचे नियम घेऊन एकदम अंगावर येतो, आणि दहावीच्या पोरांना ते जड जातं त्याचं कारण बहुतेक वेळा दहावीत नसतंच, चुंबकीय क्षेत्र म्हणजे नक्की काय हे सहावीत हाताला लागलेलं नसतं, तिथे घोडं अडलेलं असतं.

नेहमी काय होतं, तर आधी बोर्डवर व्याख्या, मग चुंबकाची आकृती, त्यातनं निघालेल्या वाकड्या रेषा आणि बाण, मग कागदावर लोहकीस टाकून दाखवला की पोरं "भाऽरी" म्हणतात आणि धडा संपला. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम उलटा करा. रेषा पोरांनी स्वतः होकायंत्र सरकवत काढायच्या, आणि तोपर्यंत पुस्तकातली आकृती दाखवायची नाही, पुस्तक दप्तरातच राहू द्या.

सामान कुठून आणायचं

दोन पट्टी चुंबक हवेत, शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळतात, नाशिकला मेन रोड-रविवार कारंजा भागात विचारत गेलात तर सापडतील. जुन्या स्पीकरमधला गोल रिंगचा काळा मॅग्नेट रिपेअरवाल्याकडे भंगारात पडलेला असतो, प्रेमाने मागितला तर फुकट देतो. छोटी होकायंत्रं, रुपयाच्या नाण्याएवढी असतात ती, पाच-सहा घ्या, एकावर भागत नाही कारण एकच असलं की एकच पोरगं खेळतं आणि बाकीचे वर्गात दंगा करतात. तांब्याची इनॅमलवाली (म्हणजे वरून वीज अडवणारा पातळ थर दिलेली) तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते आणि नाशिक जिल्ह्यात विहिरीच्या मोटरी एवढ्या जळतात की असं दुकान नसलेलं गाव सापडायचं नाही. बाकी खिळे, टाचण्या, दोरा, शिवणाची सुई, थर्माकोलचा तुकडा, प्लास्टिकचं घमेलं घरातच असतं.

लोहकीस विकत घेऊच नका. गल्लीत कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं, तिथली वाळू मूठभर घ्या, कोरडी करा, मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या वाळूत फिरवा. पिशवीला काळे बारीक कण दाढीसारखे लटकतात. ते मॅग्नेटाइट. आपला सगळा भाग बेसाल्टचा, काळ्या दगडाचा, त्या दगडातच हे खनिज असतं आणि दगड झिजून वाळू झाली की ते त्यात येतं, त्यामुळे गंगेची, म्हणजे आपल्या गोदावरीची, वाळू असो की खडी क्रशरची, कमीजास्त निघतंच. पिशवी उलटी करून मॅग्नेट बाहेर काढला की कण आपोआप डबीत पडतात. पिशवी विसरू नका, एकदा का कण थेट मॅग्नेटला चिकटले की ते काढता काढता रविवार जातो.

आदल्या दिवशी: मॅग्नेट तपासा

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. शाळेच्या पेटीतले पट्टी चुंबक वर्षानुवर्षं आपटलेले, तसेच फेकून ठेवलेले असतात, त्यातले काही पार ढिले पडलेले असतात आणि काहींचे ध्रुव रंगाशी जुळतच नाहीत, म्हणजे लाल टोक उत्तर म्हणून रंगवलंय पण वागतं दक्षिणेसारखं. स्वस्तातल्या होकायंत्रांचं तर विचारूच नका, जोरदार मॅग्नेट जवळ गेला की सुई उलटी चुंबकते आणि मग ती बिनदिक्कत दक्षिणेला उत्तर म्हणून दाखवते. वर्गात चाळीस पोरांसमोर पाच होकायंत्रांपैकी दोन उलट्या दिशेला तोंड करून बसली की पुढचा अर्धा तास त्यातच जातो.

म्हणून आदल्या दिवशी गच्चीवर किंवा अंगणात जा, लोखंडी ग्रिलपासून लांब. उत्तर कुठे हे माहीत पाहिजे, पंचवटीत असाल तर रामशेज साधारण उत्तरेला आणि पांडवलेणी दक्षिणेकडे, नाहीतर सकाळी सूर्य उजव्या हाताला घेऊन उभं राहा. सगळी होकायंत्रं एकमेकांपासून लांब लांब ठेवा, जे उलटं दाखवतं त्यावर खूण करा. मग प्रत्येक पट्टी चुंबक मधोमध दोरा बांधून टांगा, स्थिर होऊ द्या, उत्तरेकडे गेलेल्या टोकाला मार्करने टिंब करा. दुकानदाराच्या रंगावर जायचं नाही.

आपल्याकडे एक बरं आहे, होकायंत्राची उत्तर आणि खरी भौगोलिक उत्तर यात नाशिकला एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे सहावीच्या पोरांना तो फरक सांगत बसायची गरज नाही.

तास पहिला: काय चिकटतं

पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की मॅग्नेटला धातू चिकटतो. हे मोडायचं, पण सांगून नाही. घरून काहीतरी धातूचं आणा म्हणायचं. पितळी समई, तांब्याचा तांब्या, अॅल्युमिनियमचं झाकण, किल्ली, सेफ्टी पिन. आधी वहीत अंदाज लिहायला लावा, मग चिकटवून बघा. तांबं-पितळ चिकटत नाही म्हटल्यावर पोरं मॅग्नेटवरच शंका घेतात, घेऊ द्या.

नाणी ठेवा. आत्ताची एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी पटकन उचलली जातात, दहाचं दोन रंगांचं नाणं ढिम्म हलत नाही कारण ते तांब्याच्या मिश्रधातूंचं आहे. इथे कोणीतरी हमखास म्हणतं की नाणी आपल्या नाशिकरोडलाच बनतात, तर नाही, तिथे नोटा छापतात.

खरी मजा चमच्यांमध्ये आहे. सगळ्यांच्या डब्यातले स्टीलचे चमचे गोळा करा, एकसारखे दिसतात, सगळे स्टील, आणि निम्मे चिकटतात निम्मे नाही. भांडी बाजारात गिऱ्हाईक मॅग्नेट लावून बघतं ना, चिकटलं तर हलकं स्टील म्हणून, ते इथून आलंय. स्टीलमध्ये लोखंड तर असतंच, पण ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये निकेलही चांगलं आठ टक्क्यांच्या आसपास असतं. लोखंड एकटं चिकटतं, निकेल एकटं चिकटतं, आणि दोघं क्रोमियमबरोबर त्या प्रमाणात एकत्र आले की चिकटत नाही, कारण अणूंची मांडणीच बदलते. मोठ्या मुलांना हे नक्की सांगा, विचार करायला लागतात. आणि गिऱ्हाइकाची ती टेस्ट अर्धीच खरी आहे बरं का, स्वस्त २०२ नंबरचं स्टीलसुद्धा चिकटत नाही, आणि इंडक्शनच्या चांगल्या महागड्या भांड्याचा तळ मुद्दाम चिकटणारा बनवलेला असतो.

ढकलणं हीच खरी परीक्षा

ओढणं पोरांना लगेच दिसतं, त्यात काही विशेष वाटत नाही. दोन मॅग्नेट हातात द्या आणि सजातीय ध्रुव, म्हणजे उत्तर-उत्तर किंवा दक्षिण-दक्षिण, एकमेकांजवळ न्यायला सांगा, डोळे मिटून. मधे काहीच नाही आणि तरी हाताला काहीतरी रेटतंय, मॅग्नेट बाजूला घसरायला बघतो, हे हाताला कळलं की क्षेत्र या शब्दाला काहीतरी अर्थ येतो. प्रत्येकाच्या हातात गेलंच पाहिजे, नुसता टेबलावर डेमो करून उपयोग नाही.

इथेच एक मुद्दा पक्का करून घ्या: एखादी वस्तू मॅग्नेटकडे ओढली गेली तर ती लोखंडही असू शकते किंवा मॅग्नेटही, पण ढकलली गेली तर ती वस्तू मॅग्नेटच असली पाहिजे. परीक्षेत हे विचारतात आणि पोरं चुकतात.

टांगलेला चुंबक आणि तो एक प्रश्न

वर्गात मॅग्नेट टांगा, लोखंडी बाकापासून आणि कपाटापासून दूर, नाहीतर तो कपाटाकडेच तोंड करून थांबेल. दरवेळी उत्तर-दक्षिण. मग विचारा, याला कोण वळवतंय? उत्तर येतं की पृथ्वी पण एक मोठा चुंबक आहे. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १६०० साली मांडलं, तेवढं सांगून गप्प बसा.

थोड्या वेळाने मागच्या बाकावरनं प्रश्न येतो, "सर, पण चुंबकाचा उत्तर ध्रुव पृथ्वीच्या उत्तर ध्रुवाकडे कसा काय जाईल? तुम्हीच म्हणाले सजातीय ढकलतात." नाही आला तर एक दिवस थांबा पण स्वतःहून सांगू नका. उत्तर असं की पृथ्वीच्या आतल्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव हा भौगोलिक उत्तरेच्या बाजूला आहे. बास, एवढंच. पृथ्वीच्या पोटात खरंच पट्टी चुंबक नाहीये हेही सांगा, बाहेरच्या गाभ्यातलं वितळलेलं लोखंड फिरतं, त्यातल्या विद्युतधारांमुळे हे क्षेत्र तयार होतं, आणि एवढ्या उष्णतेत कायम चुंबक टिकलाच नसता.

वेळ असेल तर अजून एक करून बघा. विणकामाची लोखंडी सुई बरोबर मधोमध दोऱ्याने आडवी टांगा, तराजूसारखी तोलून. मग दोरा न सरकवता ती एका दिशेने मॅग्नेट घासून चुंबकवा, आणि परत सोडा. आता उत्तरेचं टोक खाली झुकतं. सुईचं वजन काही वाढलं नाही, पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे पंचवीस-तीस अंश जमिनीत घुसतं, सुई तिकडे बोट दाखवते. क्षेत्र कागदाच्या पातळीत नसतं, सगळीकडून असतं, हे पोरांना यातनं फार छान कळतं.

आता होकायंत्र: हा सगळ्यात महत्त्वाचा तास

मोठा कागद, तक्ता पेपर असेल तर उत्तम, लाकडी टेबलावर किंवा सरळ फरशीवर. लोखंडी पायांचं टेबल नको, मोबाईल खिशातनं बाहेर, हातातलं कडंसुद्धा काढायला लावा. हे नखरे नाहीत. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची वेधशाळा होती, मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या करंटने मोजमाप बिघडेल म्हणून अख्खं काम अलिबागला हलवलं, १९०४ पासून ते तिथे चालतंय. त्यांना ट्राम नडली, आपल्याला बाकाचा पाय नडतो.

मॅग्नेट कागदाच्या मधे उत्तर टोक उत्तरेकडे करून ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा. होकायंत्र उत्तर टोकाजवळ ठेवा, सुईच्या दोन्ही टोकांशी टिंब. आता होकायंत्र पुढे सरकवा, असं की सुईचं मागचं टोक आधीच्या पुढच्या टिंबावर येईल, पुन्हा टिंब. असं करत करत जायचं. पोरांना माहीत नसतं हे कुठे जाणार, आणि टिंबं हळूहळू वळायला लागतात, वळतात, आणि दक्षिण टोकाला येऊन पोचतात तेव्हा जो आवाज निघतो ना वर्गातनं त्यासाठी हा सगळा खटाटोप. टिंबं जोडली की चुंबकीय बलरेषा. बाण कुठून कुठे हे पाठ करायची गरजच उरत नाही, सुईचं उत्तर टोक जिकडे तिकडे बाण.

दुसऱ्या गटाला जरा लांबून सुरू करायला सांगा. त्यांची रेषा परत येतच नाही, सरळ कागदाबाहेर उत्तरेकडे निघून जाते, कारण तिथे मॅग्नेटपेक्षा पृथ्वीचा जोर जास्त. आणि मॅग्नेटच्या पूर्वेला आणि पश्चिमेला, साधारण दहा-पंधरा सेंटिमीटरवर, मॅग्नेट किती तगडा आहे त्यावर अवलंबून, एक जागा अशी सापडते की सुई कुठेही थांबते, बोटाने वळवाल तिकडे वळते नि तशीच राहते. तिथे पृथ्वी आणि मॅग्नेट दोघांचं क्षेत्र बरोब्बर विरुद्ध आणि सारखं. ही जागा शोधायला पोरांच्यात स्पर्धा लावा.

दोन रेषा एकमेकींना का छेदत नाहीत हा पेटंट प्रश्न आहे, तो आत्ता विचारा. छेदल्या तर त्या जागी सुई एकाच वेळी दोन दिशांना बघेल का? नाही ना.

यानंतर, आणि यानंतरच, लोहकीस. मॅग्नेटवर कोरा जाड कागद, वरनं मीठ भुरभुरतात तसे ते काळे कण टाका, कागदाला टिचक्या मारा. आता पोरं स्वतः म्हणतात की अरे ही तर आपलीच आकृती. आधी कीस दाखवला असता तर त्यांना वाटलं असतं की रेषा खरोखर दोऱ्यांसारख्या असतात आणि दोन रेषांच्या मधे काहीच नसतं. कण रांगेत येतात ते एकमेकांना चिकटून, मधल्या मोकळ्या जागेतही क्षेत्र असतंच, होकायंत्र तिथे ठेवून दाखवा. शिवाय कीस दिशा सांगत नाही, उत्तर-दक्षिण दोन्ही टोकं सारखीच दिसतात. दिसायला झकास, शिकवायला अर्धवट.

मोबाईल असेल तर फायफॉक्स नावाचं फुकट अॅप आहे, जर्मनीत आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं, त्यात चुंबकीय क्षेत्र मोजता येतं. मॅग्नेट जवळ नसताना आपल्याकडे चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्लाच्या (हे क्षेत्र मोजायचं एकक) आसपास दाखवतं, स्लॅबच्या सळयांजवळ गेलात की बदलतं. मॅग्नेट दूर नेत आकडे लिहा, आधीचा पृथ्वीचा आकडा त्याच अक्षावरचा वजा करा. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र निम्मं होईल असं सगळे म्हणतात, आणि ते जवळजवळ आठव्या भागावर येतं, अर्थात मॅग्नेटच्या लांबीच्या मानाने बऱ्यापैकी लांब असाल तर. मोबाईलला मॅग्नेट चिकटवू मात्र नका, कंपास बिघडतो.

आत काय चाललंय

लोखंडात छोटे छोटे भाग असतात, प्रत्येक भाग स्वतःपुरता चुंबकच, पण तोंडं भलतीकडेच. ढोलपथकात प्रत्येकाने आपापला ठेका धरला तर नुसता गोंगाट, आणि सगळे एका ठेक्यावर आले की छाती हादरते, तसं. मॅग्नेट घासला की हे भाग एका दिशेला येतात, आपटला किंवा खूप तापवला की पुन्हा विस्कटतात. सिद्ध करायला हॅकसॉ ब्लेडचा तुकडा चुंबकवा, फडक्यात गुंडाळून पक्कडीने मोडा, डोळ्यावर चष्मा, हे तुम्हीच करा, पोरांना नको. प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव. परत मोडा, परत दोन्ही.

दहावीच्या मुलांना याच्या पुढची गोष्ट सांगा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या इथला लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि यातल्या अनेक थरांमध्ये ती दिशा आजच्या बरोबर उलटी आहे, कारण पृथ्वीचे ध्रुव मधनंमधनं उलटतात. वाळूतनं काढलेले ते काळे कण त्याच दगडातले.

करंट आला की

ओरस्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० मध्ये पाहिलं ते तसंच करा. होकायंत्रावर तार धरा, पण सुईला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण. आडवी पूर्व-पश्चिम धरली तर सुई हलणारच नाही कदाचित, आणि मग एक्सपेरिमेंट फसला असं वाटतं. सेल क्षणभर जोडा, सुई झटकन वळते. सेल उलटा करा, उलटीकडे. तार सुईच्या खालून न्या, परत उलटं. हे तिन्ही बघितल्यावर अंगठ्याचा नियम (उजव्या हाताचा अंगठा करंटच्या दिशेला, तर वळलेली बोटं क्षेत्राच्या दिशेला) सांगा, तो लगेच बसतो.

मग खिळ्यावर तार गुंडाळून विद्युतचुंबक. इथे दहापैकी नऊ जणांचा चालत नाही कारण तारेच्या टोकांवरचं इनॅमल खरवडलेलं नसतं, ते काचपेपरने चकाकेपर्यंत घासा. पन्नास वेढ्यांना किती टाचण्या, शंभरला किती, मोजू द्या. पाच-सहा सेकंदांच्या वर जोडून ठेवायचं नाही, तार तापते. साधा टॉर्चचा सेलच वापरा, मोबाईलची बॅटरी अजिबात नाही, भिंतीतला प्लग तर विषयच नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये मोटरी, स्विचगिअर बनतात, वर्गात कोणाचे ना कोणाचे पप्पा तिथे असतातच, त्यांना विचारून या म्हटलं की दुसऱ्या दिवशी पोरगं चार नवीन गोष्टी घेऊन येतं.

सांभाळून

त्या चकचकीत निओडिमियमच्या गोळ्या किंवा चकत्या लहान मुलांच्या हातात देऊ नका. एकापेक्षा जास्त गिळल्या गेल्या तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकींना ओढून आतडं चिमटतं, भोक पडतं, ऑपरेशनची वेळ येते. कोणी गिळलंय अशी शंका जरी आली तरी सरळ हॉस्पिटल. पेसमेकरवाले आजोबा घरात असतील तर त्यांच्यापासून लांब. कीस डोळ्यात जाणार नाही बघा, फुंकर मारायला बंदी. ठेवताना पट्टी चुंबकांची जोडी विजातीय ध्रुव शेजारी घेऊन, मधे लाकडी पट्टी आणि दोन्ही टोकांना लोखंडी तुकडे, म्हणजे लवकर ढिले पडत नाहीत.

शेवटी लेखी परीक्षा घेऊ नका, हे द्या

कागदात गुंडाळलेल्या दोन सारख्या पट्ट्या, एक मॅग्नेट, एक साधं लोखंड. दोरा नाही, टाचणी नाही, होकायंत्र नाही, दुसरं काहीच नाही. ओळखा कुठली कुठली. बरीच पोरं टोकाला टोक लावून बघतात, दोन्हीकडून ओढलं जातं, काही कळत नाही, मग वैतागतात. वैतागू द्या. एकीचं टोक दुसरीच्या बरोबर मध्यावर टेकवायला कोणाला तरी सुचतंच, ओढलं तर टोकवाली मॅग्नेट, जवळजवळ नाहीच ओढलं तर मध्यवाली. मग त्याला विचारा, असं का? मॅग्नेटच्या मधल्या भागात ओढ का नाही, हे त्याने आपल्या होकायंत्राच्या आकृतीवर बोट ठेवून सांगितलं तर पूर्ण मार्क, नुसतं बरोबर ओळखलं तर निम्मे.